जोडणी पूर्ण, गळती नाही

माझ्या मामाला पंपघरातले लोक डॉक्टर म्हणतात. एखादा पंप कुरकुरायला लागला की मामा हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढतो, त्याचं टोक बेअरिंगच्या खोक्यावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग डोळे उघडून सांगतो, मागचं बेअरिंग आहे, पंधरा दिवस काढेल. ते पंधरा दिवस काढेल की नाही हे आजवर कुणाला कळलेलं नाही, कारण बाराव्या दिवशीच मामाने ते बदललेलं असतं.

तर असा हा डॉक्टर चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत डिप्लोमा नापास होता. म्हणजे सगळ्यात नाही, एकाच विषयात. गणित-दोन. अठराव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून तो पाणीपुरवठ्यात मदतनीस म्हणून लागला, पुढे लग्न झाल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एकेक विषय काढत गेला आणि शेवटी हा एक विषय घशात अडकलेल्या काट्यासारखा राहिला. सहा वेळा बसला. बावीस, एकतीस, अठ्ठावीस, चौतीस, एकोणीस, तेहतीस. पास व्हायला चाळीस लागतात. एकोणीस आले त्या वर्षी अंगात ताप होता असं मामी सांगते. कुणाच्या, ते सांगत नाही.

सहाही वेळा मामाने एक धडा ऑप्शनला टाकला होता: आंशिक अपूर्णांक वापरून इंटिग्रेशन. त्या धड्याची पानं त्याच्या पुस्तकात इतकी कोरी करकरीत होती की पुस्तक आडवं धरलं तर कडेवर तेवढीच पांढरी पट्टी दिसायची. बाकीचं पुस्तक ग्रीसने राखाडी.

मामाचं यावाचून काही अडत नव्हतं. नऊ वर्षं तो प्रभारी पर्यवेक्षक होता. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि पद अर्धं. पण मग नवे साहेब आले. साहेब माणूस सभ्य. त्यांनी मामाला समोर बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की वर्षअखेरीपर्यंत डिप्लोमा दाखवला तर पद तुमचं, नाही तर नियमाप्रमाणे डिप्लोमावाला नवा माणूस येईल आणि तुमची बदली मीटर विभागात होईल. तोटा काही नाही, असंही म्हणाले. मीटर विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे सहा टेबलं, एक खिडकी आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. मामा तिथे एकदा कसलासा कागद द्यायला गेला होता. परत येऊन त्याने मामीला एवढंच सांगितलं होतं की तिथे ऐकायला काहीच नाही.

आणि वर आणखी एक गोष्ट. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. यंदा राहिला तर सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटच्या परीक्षेचा नवा नमुना आला त्यात आंशिक अपूर्णांकांचे दोन प्रश्न, तेरा गुणांचे, सक्तीचे. ऑप्शन नाही.

मामाने तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी मला फोन आला. मी तेव्हा गणितात पदवी करत होतो, म्हणजे घरातल्या प्रत्येक समारंभात याच मामाकडून 'याचा पुढे उपयोग काय' हा प्रश्न ऐकत होतो. फोनवर आवाज मात्र मऊ होता.

"भाचेबुवा, तुमचं ते गणित काही कामाचं आहे का, जरा बघू या म्हणतो."

मी म्हटलं, बघू या. इतक्या वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता झाला.

शिकवणी पंपघरातच, दुपारी दोन ते चार. त्या वेळेला पाण्याची मागणी कमी असते, तीनपैकी एकच पंप चालू. पण एक पंपही काही कमी बोलत नाही. मला सगळं ओरडून सांगावं लागायचं. त्यामुळे आठवड्याभरात मामाच्या आधी पाळीवरचे दोन ऑपरेटर तयार झाले. त्यातला एक जाता जाता "छेदाचे अवयव पाडले का, डॉक्टर?" असं विचारून जायचा आणि मामा त्याच्याकडे बोळा फेकून मारायचा.

पहिल्याच दिवशी मामाने मूलभूत शंका काढली. अपूर्णांक चांगला एकत्र आहे, तो तोडायचा कशाला? जोडलेलं यंत्र विनाकारण उघडणारा माणूस त्याला आवडत नाही. मी पुस्तकातलं कारण सांगितलं, ते त्याला पटलं नाही. मग माझं लक्ष पंपघराच्या दाराकडे गेलं. ते दार अरुंद आहे, बांधणाऱ्याने माणसं मोजली, यंत्रं मोजली नाहीत. मी विचारलं, तीन नंबरचा पंप आत कसा आणला होतास? मामा म्हणाला, कसा म्हणजे, बाहेर अंगणात खोलला, भाग आत नेले, आत जोडला. म्हटलं, झालं तर. हा अपूर्णांक अख्खा इंटिग्रेशनच्या दारातून जात नाही. तुकडे जातात. एकेक तुकडा साधा असतो, त्याचं उत्तर आपल्याला पाठ असतं.

मामा थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

त्यानंतर गाडी सुरू झाली. वर पाच एक्स वजा चार, खाली एक्स वजा दोन गुणिले एक्स अधिक एक. एक्स वजा दोनवर अंगठा ठेव, म्हणजे ते झाकलं गेलं. आता उरलेल्यात एक्सच्या जागी दोन घाल. वर सहा, खाली तीन, आले दोन. हा पहिल्या तुकड्याचा आकडा. मग दुसऱ्यावर अंगठा, वजा एक घाल. वर वजा नऊ, खाली वजा तीन, आले तीन. संपलं. मामाला ही अंगठ्याची युक्ती फार आवडली. महिन्याभरात त्या कोऱ्या धड्यातल्या प्रत्येक छेदावर एकेक काळा ठसा उमटला.

एकच अवयव दोनदा आला, म्हणजे वर्ग असला, की तुकडे दोन लिहायचे, एक साधा आणि एक वर्गाचा, हे मी समजावायला लागलो तर त्यानेच मला थांबवलं. म्हणाला, एका खोक्यात दोन बेअरिंगं असतात, बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही. दिसत नाही म्हणून यादीत धरायचं नाही असं होतं का? मी हे वाक्य पुढे कॉलेजात तोंडी परीक्षेत वापरलं. सरांनी कुठल्या पुस्तकातलं म्हणून विचारलं.

मामाची खरी अडचण निघाली ती भलतीकडेच. 'अधिक सी'. इंटिग्रेशनचं उत्तर लिहिलं की शेवटी अधिक सी लिहायचं असतं, कारण एखादा स्थिर आकडा तिथे असू शकतो आणि तो आपल्याला दिसत नाही. मामा ते लिहायलाच तयार नव्हता. कारण धंद्याचं होतं. मामा पंप खोलतो तेव्हा जमिनीवर चादर पसरतो, प्रत्येक भाग क्रमाने मांडतो आणि खडूने त्याच्याभोवती रेघ मारतो. जोडून झाल्यावर चादरीवर फक्त रेघा उरल्या पाहिजेत. एखादा वॉशर जरी उरला तरी सगळा पंप पुन्हा खोलायचा. वीस वर्षांचा हा नेम. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो वहीत चार शब्द लिहितो: जोडणी पूर्ण, गळती नाही. असल्या माणसाला मी सांगत होतो की काम झाल्यावर एक भाग उरतोच, आणि तो कसला आहे हे कुणालाच माहीत नसतं.

"मग तुमचं काम पूर्ण झालेलं नाही," मामा म्हणाला. "खोला परत."

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. शेवटी म्हटलं, समजू नकोस, नुसतं लिही. त्यावर तो पाट्या टाकल्यासारखं लिहायला लागला, तेही इतकं बारीक की ठिपकाच वाटावा. घरी मामी शिवणयंत्रावर बसलेली असायची. ती शाळांचे गणवेश शिवते. मामा टेबलाशी उदाहरण सोडवून पेन खाली ठेवायचा आणि मामी मान वर न करता म्हणायची, "सी." तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माझं ओरडणं तिच्यापर्यंत पोचलेलं होतं.

परीक्षा एका शाळेत, सकाळची होती. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभा. पोरंपोरी बाहेर पडत होती, त्यांच्यात मामा उठून दिसत होता, कारण सगळ्यांमध्ये एकटा तोच हसत होता. मला बघून त्याने लांबूनच अंगठा दाखवला. चहाच्या टपरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. पाच गुणांचा प्रश्न सहज सुटला. आठ गुणांचा जड होता: वर तीन एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक तीन, खाली एक्स अधिक एक आणि एक्स वजा दोनचा वर्ग. म्हणजे आतल्या बेअरिंगवाला. मामा डगमगला नाही. तीन तुकडे पाडले, वरचे आकडे आले एक, दोन आणि तीन.

"एक, दोन, तीन," मामा म्हणाला. "इतकं सरळ कधी असतं का? मला संशय आला."

संशय आला म्हणून त्याने तपासून पाहिलं. तीनही तुकडे पुन्हा जोडले, छेद एक केला, सगळं गुणून काढलं. पंचवीस मिनिटं गेली. पण बसलं, जसंच्या तसं: तीन एक्स वर्ग, वजा तीन एक्स, अधिक तीन. एक वॉशर उरला नाही. खाली दोन रेघा मारल्या.

मी विचारलं, "आणि इंटिग्रेशन?"

मामाने कप ओठाला लावला होता, तो तसाच राहिला.

"मामा, तू पंप दाराबाहेरच खोललास आणि दाराबाहेरच जोडलास."

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला की त्याने खाली तेही लिहिलं आहे. काय? "जोडणी पूर्ण, गळती नाही." वीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. सही करणार होता, पण तेवढ्यात घंटा झाली.

आम्ही टपरीवरच गुणांची बेरीज केली. मामाची बेरीज छत्तीस, माझी बेचाळीस, कारण मी माझ्या माणसाला जरा झुकतं माप देत होतो. घरी मामीला काय सांगायचं हे ठरवत ठरवत आम्ही गेलो, आणि तिने आमची तोंडं बघून काही विचारलंच नाही.

निकालाला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत मामाने तीनही पंप खोलून पुन्हा जोडले. काही बिघडलं नव्हतं. एका दुपारी तो मीटर विभागाच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आला, असं त्या फाजील ऑपरेटरने मला सांगितलं, आणि हे सांगताना तो हसला नाही.

निकाल लागला. मीच पाहिला, मीच फोन केला. गणित-दोन: चाळीस.

पलीकडून पंपाचा आवाज येत राहिला. मग मामा म्हणाला, "किती?"

चाळीस. नेमके? नेमके. त्याने फोन ठेवून दिला. मला वाटलं भरून आलं असेल. संध्याकाळी घरी गेलो तर मामी साखर वाटत होती, साहेबांनी स्वतः फोन करून एक तारखेला कायम पदाचं पत्र देतो म्हणून सांगितलं होतं, आणि मामा कोपऱ्यात बसून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याचा अर्ज भरत होता.

मामीने कपाळाला हात लावला. "अहो, पास झालात ना? आता कशाला उघडताय?"

मामाचं म्हणणं एकच. पास व्हायला चाळीस लागतात आणि चाळीसच आले. इतकं सरळ कधी असतं का?

छायाप्रत पत्राच्या आधी आली, एकोणतीस तारखेला. दुपारची वेळ, मामा सुट्टीवर, मी मुद्दाम आलेलो. पाकिटातून कागदांचा गठ्ठा निघाला. मामाने टेबलावर चादर पसरली, खरंच पसरली, आणि पानं क्रमाने मांडली. मुखपृष्ठावर प्रश्नवार गुणांचं कोष्टक होतं, बेरीज चाळीस. मग मामा आतले गुण मोजायला लागला. शेवटच्या पानावर तो आठ गुणांचा प्रश्न होता. तीन तुकडे, एक-दोन-तीन, त्यांच्यावर बरोबरच्या खुणा, समासात चार गुण. खाली मामाची लांबलचक जोडणी, तिच्याखाली दोन रेघा, आणि अक्षर ठळक: जोडणी पूर्ण, गळती नाही. त्याच्याशेजारी तपासनिसाने एकच शब्द लिहिला होता. पुढे?

मला फार हसू आलं. मामा हसला नाही. तो पुन्हा पहिल्या पानावर गेला, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग पेन्सिल खाली ठेवली.

"एकोणचाळीस."

कोष्टकात पाच गुणांच्या प्रश्नाला पाच लिहिले होते. आत समासात चारच होते. मी मोजले, चारच. म्हणजे तपासनिसाच्या हातून एक गुण जास्त पडला होता, आणि मामा त्या एका चुकीवर पास होता.

खोलीत फक्त शिवणयंत्राचं चाक फिरत होतं, मग तेही थांबलं. मी म्हटलं, मामा, हे कुणाला कळणार नाही, पाकीट बंद कर. मामीने माझ्याकडे बघितलं. मामाने चष्मा काढून पुसला.

"पंप जोडल्यावर वॉशर उरला तर मी तो खिशात टाकत नाही," तो म्हणाला. "उद्या साहेबांना सांगतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, रडगाणंही नव्हतं. मीटर विभागाच्या भिंतीकडे तो आधीच बघायला लागला होता. मला मात्र त्या पाकिटाचा, त्या अर्जाचा आणि माझ्या अख्ख्या गणिताचा संताप आला. पानं गोळा करायची म्हणून मी हात पुढे केला, तर मामी म्हणाली, थांब.

ती उठून आली आणि मी धरलेलं पान तिने अंगठा आणि तर्जनीमध्ये घेतलं. गणवेश शिवताना कापडाचे थर ती असेच चिमटीत धरून मोजते. एक थर, दोन थर, डोळ्यांनी बघायची गरज नसते. तिने चिमूट जराशी चोळली.

"हे दोन आहेत."

नव्या कागदाला नवा कागद चिकटलेला. मामीने नखाने कड सोडवली आणि आतून एक पान सुटून आलं. ते पुरवणीचं पहिलं पान होतं. पाच गुणांचं उदाहरण मुख्य पत्रिकेच्या तळाला संपलं होतं, पण उत्तराची शेवटची ओळ मावली नव्हती, म्हणून मामाने ती पुरवणीच्या डोक्यावर लिहिली होती, आठ गुणांचा प्रश्न पुढच्या पानावर घेतला होता आणि ती ओळ नंतर विसरून गेला होता. बाकी पान जवळजवळ कोरं. त्या एका ओळीच्या शेवटी, ठिपक्याएवढं, मुंगीने पाय पुसल्यासारखं: अधिक सी. त्याच्याभोवती तपासनिसाने गोल केला होता, बहुधा शोधायला त्रास झाला असावा, आणि समासात लिहिला होता एक गुण.

एकोणचाळीस आणि एक.

मामाने तो गोल बघितला, कोष्टक बघितलं, पुन्हा गोल बघितला. मग खुर्चीत मागे टेकला आणि इतका मोठा श्वास सोडला की चादरीवरची दोन पानं हलली. मी सांगतो, त्या माणसाला मी त्याआधी कधी टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. मामी यंत्राकडे गेली, पण तिला सुईत दोरा ओवता येईना. तीनदा चुकला. चौथ्यांदा तिने तो माझ्याकडे दिला.

मी म्हटलं, मामा, उरलेल्या वॉशरवर पास झालास.

"गप बस, मास्तर," मामा म्हणाला. पण हसत होता.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पेन्सिल घेतली. आठ गुणांच्या प्रश्नाचं पान समोर ओढलं आणि त्या 'पुढे?'च्या खाली लिहायला लागला. आता याचे गुण कुणी देणार नव्हतं. लॉग एक्स अधिक एक. अधिक दोन लॉग एक्स वजा दोन. मग वर्गवाला तुकडा, तिथे तो जरा थांबला, कारण त्याचा लॉग होत नाही. मग आठवलं, वजा तीन छेद एक्स वजा दोन. छेदावर सवयीने अंगठा ठेवला आणि छायाप्रतीवरही एक काळा ठसा उमटला. पेन्सिल खाली ठेवली.

यंत्र सुरू झालं होतं. मामीने मान वर केली नाही.

"सी."

मामाने पेन्सिल परत उचलली आणि लिहिलं, अधिक सी. या वेळी मोठ्या अक्षरात, ओळ सोडून, पानाच्या कडेपर्यंत.